वास गेलेलं तेल : प्रस्तावना

भारतात माणशी वर्षाला किती खाद्यतेल लागतं, या साध्या प्रश्नाला निदान तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात हा आकडा १९.७ किलो आहे. देशात गाळलेलं तेल अधिक बाहेरून आलेलं तेल, भागिले लोकसंख्या, असा तो हिशोब. घरोघर जाऊन 'गेल्या महिन्यात तेल किती आणलंत?' असं विचारणाऱ्या सरकारी पाहणीचं उत्तर वेगळं येतं. २०११-१२ च्या पाहणीत ते महिन्याला माणशी पाऊण किलोच्या अलीकडे-पलीकडे होतं, म्हणजे वर्षाला आठ ते दहा किलो. त्याच सुमाराला उपलब्धतेचा हिशोब मात्र चौदा किलोच्या आसपास जात होता. मधलं तेल वडापावच्या कढईत, फरसाणात, बिस्किटांत, खानावळीत आणि लग्नाच्या पंगतीत गेलं. घरच्या बाईला विचारून त्याचा पत्ता लागणार कसा?

तिसरं उत्तर रोमहून येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६१ पासूनचे प्रत्येक देशाचे अन्नताळेबंद मांडून ठेवले आहेत. उत्पादन किती, आयात-निर्यात किती, कोठारातला साठा वाढला की घटला. मग त्यातून बियाणं, जनावरांचं खाद्य, प्रक्रियेला गेलेला माल आणि नासाडी वजा. उरेल ते माणसाच्या तोंडी लागलं असं धरायचं. या पुस्तकाचा सांगाडा अशाच तक्त्यांवर उभा आहे, म्हणून त्यांची एक खोड आधीच सांगून टाकतो. तिथे 'तेलबिया' वेगळ्या आणि 'वनस्पती तेलं' वेगळी. उसळीत घातलेलं दाण्याचं कूट, संक्रांतीचा तिळगूळ, आमटीत वाटून लावलेलं खोबरं हे तेलबियांच्या ओळीत मोजलं जातं. त्याच उसळीची फोडणी दुसऱ्या ओळीत. घाण्यावर गेलेला दाणा पहिल्या ओळीतून प्रक्रियेच्या रकान्यात नाहीसा होतो आणि खाली तेल होऊन पुन्हा उगवतो. शिवाय २०१० पासून मोजण्याची पद्धत बदलली आहे. जुनी मालिका आणि नवी मालिका जोडून आलेख काढला तर मध्ये एक पायरी दिसते. ती पायरी शेतात पडलेली नसते, रोमच्या कार्यालयात पडलेली असते. वर्तमानपत्रांतल्या काही सनसनाटी आलेखांचं रहस्य एवढंच असतं.

आपल्या सरकारी तक्त्यांच्याही खोडी कमी नाहीत. केंद्राच्या हिशोबात नऊ तेलबिया : भुईमूग, सोयाबीन, मोहरी, सूर्यफूल, तीळ, करडई, कारळे, एरंडी आणि जवस. पैकी शेवटच्या दोन 'अखाद्य'. जवसाची चटणी भाकरीबरोबर खाऊन वाढलेल्या विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या माणसाला आपण आयुष्यभर अखाद्य पदार्थ खाल्ला हे इथे कळतं. नारळ या नऊंत नाहीच. सरकी आणि भाताचा कोंडा यांच्यापासून देशात दरवर्षी लाखो टन तेल निघतं, पण सरकी कापसाच्या वहीत आणि कोंडा भाताच्या वहीत.

हे सगळे तक्ते शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक दिसते. स्वातंत्र्यानंतर माणशी तीन किलोच्या आसपास असलेलं तेल आज सहापटीहून जास्त झालं आहे आणि चढता आलेख फारसा कुठे मोडलेला नाही. दुष्काळ पडले, युद्धं झाली, रुपया घसरला. तेल वाढतच गेलं. शेतातली तेलबियांची रेघ मात्र अशी सरळ चढत नाही. ती कधी उडी मारते, मग वर्षानुवर्षं जागची हलत नाही. दोन रेघांमधली फट जहाजांनी भरली. २०२२-२३ च्या तेलवर्षात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या काळात, सुमारे १ कोटी ६५ लाख टन खाद्यतेल बाहेरून आलं. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून बरंच अधिक.

ही फट का पडली, याची नेहमीची उत्तरं सर्वांना पाठ आहेत : कोरडवाहू शेती, कमी उत्पादकता, वाढती लोकसंख्या, सरकारी अनास्था. ती खोटी नाहीत. पण त्यांनी एक कोडं सुटत नाही. त्याच देशात, त्याच कोरडवाहू जमिनीत, त्याच सरकारांच्या राज्यात काही तेलबिया टिकल्या आणि काही साफ गेल्या. मोहरी टिकली. गुजरातचा भुईमूग टिकला. करडई गेली, सूर्यफूल गेलं, कारळे जायच्या वाटेवर आहे. हा फरक समजून घ्यायचा तर शेताइतकंच स्वयंपाकघरात बघावं लागतं असं माझं म्हणणं आहे. ज्या तेलाचा वास लोकांना हवा होता, त्याचं पीक टिकलं. ज्याचा वास काढून टाकणं म्हणजेच सुधारणा असं लोकांना पटवलं गेलं, त्याच्या जागी कोणतंही तेल चालू लागलं. आणि कोणतंही चालत असेल तर सगळ्यांत स्वस्त चालतं. सगळ्यांत स्वस्त तेल ताडाचं, ते सुमात्रा-बोर्निओत पिकतं.

सुरुवात वनस्पती तुपापासून करावी लागते. मुंबईत शिवडीला १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतीचा कारखाना निघाला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. तो डबा रिकामा झाल्यावर पुढची वीस वर्षं धान्याला, तुळशीला आणि परसाकडे जायलाही वापरला गेला. आत असायचं हायड्रोजन घालून घट्ट केलेलं तेल, बराच काळ भुईमुगाचंच. रंग, चव, वास काढून टाकल्यामुळे ते तुपात मिसळलं तर ओळखू यायचं नाही. सरकारने यावर शोधलेला उपाय मोठा मजेदार होता. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं कायद्याने सक्तीचं केलं, कारण तिळाचं तेल रासायनिक चाचणीत लाल रंग देतं आणि तुपातली भेसळ पकडली जाते. स्वतःची खूण गमावलेल्या पदार्थाला सरकारने उसनी खूण चिकटवली. आपल्या तेलाच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि कोणत्याही शेतीच्या पुस्तकात तो सापडत नाही.

त्याआधीचा भारत तेलबिया विकणारा देश होता. मुंबई बंदरातून जवस, तीळ, भुईमूग युरोपला जायचा. मार्सेयच्या गिरण्यांना आपला माल ठाऊक होता. स्वातंत्र्यानंतर खाणारी तोंडं वाढली, आणि गहू-तांदळाच्या हरितक्रांतीत पाणी, खत, संशोधन सगळं तिकडे गेलं. तेलबिया मुरमाड रानात, पावसाच्या भरवशावर राहिल्या. सत्तरच्या दशकात टंचाई इतकी की १९७२ नंतर मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या तक्रारींत साखर-रॉकेलबरोबर तेलही होतं. मग रेशनवर पामतेल आलं. थंडीत गोठणारं, पांढुरकं, 'आमच्याकडे चालत नाही' असं म्हणत रांगेत उभं राहून आणलेलं. मध्यमवर्गाने त्याला नाकं मुरडली आणि गरिबांनी ते वापरलं. आज तेच ताडाचं तेल बिस्किटं, वेफर, हॉटेलची कढई यांतून सगळ्यांच्याच पोटात जातं, फक्त त्याला आता रांग लागत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तेलाच्या आयातीचं बिल सरकारला झोंबू लागलं. मे १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम उघडली. तिकडे दुधातून तेलात उतरलेले वर्गीस कुरियन तेलाचा बाजार मुठीत ठेवणाऱ्या गुजरातच्या 'तेलिया राजां'शी, म्हणजे बड्या तेलव्यापाऱ्यांशी, आधीपासूनच दोन हात करत होते. १९८८ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं 'धारा' तेल बाजारात आलं. आयात रोखून धरली, हमीभाव वाढवले, भाव एका पट्ट्यात ठेवायचा म्हणून बाजारात हस्तक्षेप केला. १९८५-८६ मध्ये १ कोटी ८ लाख टन असलेलं तेलबियांचं उत्पादन १९९६-९७ पर्यंत २ कोटी ४४ लाख टनांवर गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची दोन-तीन वर्षं देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होता. याला 'पीतक्रांती' म्हणायची पद्धत आहे. तिच्यामागे चमत्कारी बियाणं नव्हतं. वाणं होती आणि चांगली होती : जळगावचा जेएल-२४ म्हणजे 'फुले प्रगती' भुईमूग, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा टॅग-२४. पण मुख्य औषध भाव हेच होतं. शेतकऱ्याला चार-पाच हंगाम सलग खात्री दिली आणि त्याने पेरलं.

मग ही खात्री काढून घेण्यात आली. एप्रिल १९९४ मध्ये पामोलिन खुल्या आयातीच्या यादीत गेलं, तेव्हा शुल्क ६५ टक्के होतं. पुढच्या वर्षी ३०, मग २०, आणि १९९८ मध्ये १५. सोयातेलाला तर जागतिक व्यापार कराराखाली ४५ टक्क्यांच्या वर जायचंच नाही असं आपणच लिहून दिलं होतं. ताडाच्या तेलाची मर्यादा मात्र ३०० टक्के. त्याच १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळल्याने साथ आली, साठावर माणसं दगावली. सुटं मोहरीचं तेल विकायला बंदी झाली, पाकीटबंद तेलाचा आग्रह सुरू झाला. भेसळ खरी होती आणि मृत्यूही खरे होते. पण छोट्या घाणीवाल्याकडे पाकीट भरायचं यंत्र नव्हतं आणि बंदरावरच्या रिफायनरीकडे ते होतं, एवढा तपशील नोंदवायला हवा. १९९९-२००० पर्यंत आयात ४० लाख टनांवर पोचली.

आता सोयाबीन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्राचा तेलबियांचा प्रश्न आज म्हणजे सोयाबीनचाच प्रश्न. १९७०-७१ मध्ये देशात या पिकाखाली जेमतेम ३० हजार हेक्टर होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने ते माळव्यात रुजवलं. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या रानात ते फुकटच्या पिकासारखं आलं. तिथून विदर्भ, मग मराठवाडा, मग सांगली-कोल्हापूरपर्यंत. आज ते सव्वा कोटी हेक्टरांच्या आसपास आहे. जेएस-३३५ या वाणाने एक पिढी जगवली. पुण्याच्या आघारकर संस्थेची मॅक्स मालिका, कसबे डिग्रजच्या केंद्राचे फुले संगम आणि फुले किमया हे त्यानंतरचे. शेतकऱ्याने सोयाबीन का धरलं, हे समजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत रान मोकळं होतं, मागे हरभरा घेता येतो, मळणीयंत्र दारात येतं, आणि तालुक्याच्या अडतीत नेलं की त्या दिवशी पैसे. भुईमुगाचं बियाणंच एकरी चाळीस किलो लागतं, उपटायला आणि शेंगा तोडायला बायामाणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्याआधी रानडुकरं शेतात येऊन जातात. यात शेतकऱ्याला वारसा विसरल्याबद्दल बोल लावणारे लेख मी वाचले आहेत. लिहिणाऱ्यांनी एकदा डुकरं राखायला रात्री माळ्यावर बसून बघावं.

पण सोयाबीन तेलबी म्हणून मोजलं जातं, यातच हिशोबाची चूक दडलेली आहे. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. ऐंशी किलो पेंड. शंभर किलो शेंगदाण्यातून तेल चाळीस-पंचेचाळीस किलो निघतं. म्हणजे तेलबियांच्या एकूण टनांत सोयाबीनचा वाटा जितका वाढतो, तितकं त्या टनांमधलं तेल पातळ होत जातं. देशाचं तेलबियांचं उत्पादन १९८५ पासून जवळजवळ चौपट झालं आणि तरी तेल पुरत नाही, त्याचा अर्धाअधिक उलगडा इथे आहे. गिरणीचाही अर्ध्याहून जास्त पैसा पेंडेतून येतो. ती पेंड कोंबड्या खातात. एके काळी वर्षाला ४० लाख टनांच्या घरात ती निर्यात व्हायची. तेव्हा लातूरच्या सोयाबीनचा भाव कढईत ठरतो असं समजणं हा भाबडेपणा आहे. तो कोंबडीच्या खुराड्यात ठरतो.

याचा प्रत्यय गेल्या काही वर्षांत दोनदा आला. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा दाणाही नव्हता, हे वेगळं सांगायला नको. कुक्कुटपालकांनी ओरड केली, केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि नवा माल खळ्यावर येईपर्यंत भाव निम्म्याच्या दिशेने घसरला. डिसेंबरात सेबीने सोयाबीन, मोहरी, कच्चं पामतेल धरून सात शेतमालांचे वायदे बंद केले. हे झालं भाव चढल्यावर.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये, महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, केंद्राने कच्च्या ताड, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. उपकर धरून २७.५ टक्के. पुस्तकी अर्थशास्त्राप्रमाणे सोयाबीन वर जायला हवं होतं. दसरा-दिवाळीला तेल महागलं खरं, पण सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खालीच, बऱ्याच बाजारांत चार-सव्वाचार हजारांवर विकलं गेलं. कारण पेंड पडली होती. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो प्रथिनांचं स्वस्त खाद्य म्हणून कोंबड्यांपुढे आला होता. गाडीत पेट्रोलऐवजी किती इथेनॉल घालायचं हे दिल्लीत ठरलं आणि त्याने औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याचं गणित बिघडलं. त्यात खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन मापकात पंधरा-सोळा दाखवायचं. नोव्हेंबरात मर्यादा १५ केली तोवर गरजू माणसाने माल व्यापाऱ्याला घालून टाकलेला. अडतीत ओलावा, माती आणि डागी दाणा या तीन गोष्टींवर भाव तोडला जातो, आणि मूठभर नमुना हातावर घेऊन तो तोडणारा माणूस आकाशाकडे न बघताच पाऊस किती झाला हे सांगू शकतो.

करडईबद्दल इथे सविस्तर लिहितो, कारण पुस्तकातल्या तक्त्यांत ती एका बारीक ओळीत संपते. सोलापूर, उस्मानाबाद, परभणी, तिकडे विजापूर-कलबुर्गी, हा करडईचा मुलूख. ऐंशीच्या दशकात देशात सात-आठ लाख हेक्टरांवर असलेलं पीक आज लाखभर हेक्टरांच्याही आत आलं आहे. ज्वारीच्या रानाला कडेने करडईचे चार तास घालायचे, म्हणजे काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. कुंपण आणि तेल एकाच पेरणीत. कोवळेपणी तिची भाजी व्हायची. मुळं खोल जातात, त्यामुळे पाऊस उलटला तरी रब्बीच्या ओलीवर ती येते. काढणी पहाटे, दव असताना, कारण दवाने काटे नरम राहतात. हाताला फडकी गुंडाळायची आणि ऊन चढायच्या आत आवरायचं. आता या पहाटे कोण उठणार, आणि कशासाठी? यंत्राने काढणी होऊ शकते, बिनकाट्याची वाणंही निघाली. पण बाजारात करडईला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

गंमत अशी, की करडईच्या तेलाला शहरात मागणी होती, आणि ती वाढत होती. हृदयाला चांगलं म्हणून डॉक्टर सांगत होते, जाहिराती सांगत होत्या. मात्र ते तेल शुद्ध करून, वास काढून विकलं जात होतं. वास गेला की त्यात दुसरं काही मिसळलेलं जिभेला कळत नाही, आणि मिश्रतेलाला कायद्याची मोकळीक आहे : त्यातलं कोणतंही तेल वजनाने २० टक्क्यांपेक्षा कमी नको, एवढीच अट. अशा एखाद्या पाकिटाची मागची बाजू वाचून बघा. पुढे मोठं नाव आणि हृदयाचं चित्र; मागे बारीक अक्षरांत कोंड्याचं तेल ऐंशी टक्के, आणि ज्याच्या नावावर ते विकलं जातं ते वीस. सगळं कायदेशीर, सगळं छापलेलं. त्याच पाकिटावर आणखी एक आकडा असतो : एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम. किलोने तेल घेणाऱ्या पिढीला हे नव्वद ग्रॅम कुठे गेले ते कधी कळलंच नाही.

सूर्यफुलाची कथा याहून झटपट संपते. १९६९ मध्ये सोव्हिएत वाण आले, १९९३-९४ मध्ये देशात पीक २६ लाख हेक्टरांच्या पुढे गेलं, आणि मग रोग, पोपट आणि स्वस्त आयात यांनी मिळून ते दोन-तीन लाखांवर आणलं. दक्षिणेतलं घर मात्र आज सूर्यफुलाच्याच तेलावर चालतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा बेंगळुरूच्या दुकानांत फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. पाठोपाठ एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद ठेवली. जळगाव-बुलढाण्याची पिवळी रानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पाकिटावरचं फूल बघून काय वाटत असेल ते वाटो.

कारळे म्हणजे खुरासणी, सुरगाणा-पेठ-जव्हारच्या डोंगरात वरईनंतरच्या हलक्या जमिनीवर येतं. चटणी तर सगळ्यांना माहीत आहे. पण या काळ्या बियांचं एक मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतले पक्षी आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथल्या परसातल्या खाद्यदाण्यांसाठी ती जाते, आणि अमरवेलीचं बी सोबत जाऊ नये म्हणून जाण्याआधी तापवून निर्जीव करावी लागते.

मोहरीकडे वळलं की चित्र उलटतं. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश, बंगाल इथल्या माणसाला तेलात झणका हवा. पामोलिन त्याला मासळीत चालत नाही. म्हणून मोहरीवर आयातीचा वार अर्धाच बसतो. उत्पादन १ कोटी ३० लाख टनांपर्यंत चढलं आहे, तेही वादग्रस्त जनुकबदल वाण शेतात न जाता. त्या वाणाला, डीएमएच-११ ला, ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या समितीची मंजुरी मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये त्या मंजुरीवर सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती दोन दिशांना गेले. सौराष्ट्रात सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, गाळून विकतात, वास ठेवून, आणि पंधरा किलोच्या डब्याचा भाव तिथे राजकारणाचा विषय आहे. तमिळनाडूत तीळ, केरळात खोबरेल. महाराष्ट्राने मात्र आपल्या तेलाचा वास सोडून दिला. अलीकडे शहरांत लाकडी घाण्याची दुकानं निघाली आहेत आणि तिथे करडईचं तेल रिफाइंडच्या दुपटी-तिपटीने विकलं जातं. ती हौस आहे, पुरवठा नाही. पण हौसेतूनही मागणी उभी राहते, एवढ्यापुरतं मी तिच्याकडे कुतूहलाने बघतो.

एका आक्षेपाला इथेच उत्तर देऊन टाकतो. 'वास' वगैरे ठीक आहे, पण १४० कोटी लोकांना स्वस्त तेल नको का? हवं. स्वस्त पामतेलाने गरिबाच्या ताटात उष्मांक वाढवले, हे तक्ते स्वच्छ दाखवतात आणि मी ते लपवलेलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीपेक्षा आपण आता बरंच जास्त तेल खातो, फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून दहा टक्के तेल कमी करा असं सांगितलं, हेही खरं. माझी तक्रार स्वस्ताईबद्दल नाही. शुल्क कधी वाढवायचं आणि कधी उतरवायचं याला वेळापत्रक नाही, याबद्दल आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये चढवलेलं शुल्क ३० मे २०२५ ला पुन्हा निम्म्यावर आलं, नेमकं खरिपाचं बियाणं घ्यायच्या दिवसांत. मधल्या काळात शुल्काचा फरक हेरून नेपाळमार्गे शुद्ध तेल बिनशुल्क येऊ लागलं होतं, आणि नेपाळात एवढी तेलबी पिकत नाही हे शाळकरी मुलालाही कळतं.

सरकारचे दोन नवे कार्यक्रम पुस्तकाच्या उत्तरार्धात तपासले आहेत. ऑगस्ट २०२१ चं पामतेल अभियान ११,०४० कोटींचं, भर ईशान्य भारत आणि अंदमानवर. ताडाला फळ धरायला चार वर्षं लागतात, पाणी लागतं, आणि तोडलेला घड गिरणीत चोवीस तासांत पोचला नाही तर तेल बिघडतं. अरुणाचलचे रस्ते पाहिलेल्याने उरलेला विचार करावा. ऑक्टोबर २०२४ चं तेलबिया अभियान १०,१०३ कोटींचं. त्याचं लक्ष्य २०३०-३१ पर्यंत तेलबियांचं उत्पादन ३ कोटी ९० लाखांवरून ६ कोटी ९७ लाख टनांवर नेण्याचं आहे, हेक्टरी सरासरी २,११२ किलो धरून. सोयाबीनची आजची सरासरी टनाच्या आसपास घुटमळते आहे आणि ब्राझील तीन टनांच्या वर गेलं आहे, तेव्हा जागा आहे यात शंका नाही.

वाचताना एक सावधगिरी. शेतीचे आकडे जुलै-जून वर्षाचे, सरकारी व्यापाराचे एप्रिल-मार्चचे, तेल व्यापाराचे नोव्हेंबर-ऑक्टोबरचे आहेत. प्रत्येक तक्त्याखाली वर्ष कोणतं ते दिलं आहे. न बघता दोन तक्ते एकमेकांतून वजा केले तर लाखो टन तेल हवेतून निर्माण होईल. तेलबियांचं रूपांतर तेलात करताना वापरलेले उतारे पहिल्या परिशिष्टात आहेत. ते गिरणीवाल्यांना कमी वाटतील आणि शेतकऱ्यांना जास्त.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुराने मराठवाड्यात रानंच्या रानं खरवडून नेली, आणि जे वाचलं ते बाजारात या भावाच्या बऱ्याच खाली गेलं. शेवटच्या प्रकरणात २०३०-३१ ची लक्ष्यं आणि हे भाव शेजारी शेजारी ठेवले आहेत. ज्यांना इतिहासात रस नाही त्यांनी पुस्तक तिथूनच उघडलं तरी चालेल.